बारा मिनिटांचं आवतण

मला काम एकच दिलं होतं. जाऊबाईला पाच मिनिटांत थांबवायचं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! तर ऐका. माझ्या लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. या सेहेचाळीस वर्षांत जाऊबाईला कुणी मध्येच थांबवलंय असं मी पाहिलेलं नाही. सासऱ्यांना जमलं नाही, लग्न लावायला येणाऱ्या भटजींना जमलं नाही. एकदा मासळीबाजारात एक साहेब तिला दमात घ्यायला आला होता, तो अर्ध्या तासाने पापलेटं विकत घेऊन निघाला, वर तिच्या गुडघ्याची चौकशी करून. आणि ही माझी नात मला म्हणते, "आजी, तू फक्त पाच मिनिटांनी थांबव तिला. बाकी मी बघते."

नातीचंही चुकत नव्हतं म्हणा. तिच्या डोक्यात खळं होतं.

आमचा कोळीवाडा अंधेरीच्या पश्चिमेला, अगदी समुद्राच्या काठाला टेकलेला. त्याच्या उत्तर टोकाला आमचं खळं, म्हणजे मासे सुकवायची जागा. बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधायचे आणि दोरांवर बोंबील लटकवायचे, तोंडात तोंड अडकवून. खाली जमिनीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरायचा. माझ्या सासूच्या सासूने तिथे बोंबील सुकवले, मीही निम्मा जन्म त्याच उन्हात काढला. तर गेल्या वर्षी एका कचेरीची माणसं पाहणीला आली. कुठली कचेरी ते सांगत नाही, उगाच त्यांना वाईट वाटायचं. आली कधी? ऐन जुलैत. पावसात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, बांबू काढून घरी ठेवलेले, खळ्यावर चिखल आणि दोन कुत्री. त्यांनी फोटो काढले, आणि हिवाळ्यात कागद आला: "सदर जागा मोकळी असून वापरात नाही." म्हणून तिथे फिरायचा रस्ता, बाकं आणि गाड्या लावायला जागा होणार. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत लेखी द्यावी.

वाड्यातल्या बायकांनी अंगठे आणि सह्या केल्या. पण नात कायद्याचं शिकते. ती म्हणाली, "आपल्याच हरकती गेल्या तर ते म्हणणार, हे तर ओरडणारच. बाहेरच्या लोकांनी लिहिलं पाहिजे. हजारो लोकांना कळलं पाहिजे की इथे खळं आहे."

आणि हजारो लोक कुठे मिळतील, तर घाटकोपरच्या मैदानात. तिथे दोन दिवसांचा मोठा महोत्सव होता, गाण्यांचा, नाटकांचा आणि हक्कांचा. हक्क सगळ्या प्रकारचे. पाण्याचा, घराचा, झाडांचा, फेरीवाल्यांचा. नात त्यात स्वयंसेवक होती. तिने भांडून भांडून आमच्या वाड्यासाठी बारा मिनिटं मिळवली. पाच मिनिटं धवला आणि सात मिनिटं तिचं भाषण. धवला म्हणजे आमच्या लग्नात मांडवात गायचं गाणं, आणि ते गाणारी ती धवलारीण. वाड्यात आता एकच धवलारीण उरली आहे. ती कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

नात तिला विचारायला गेली तेव्हा जाऊबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"लगीन कुनाचं?" जाऊबाईने विचारलं.

"लग्न नाही गं मोठी आजी. कार्यक्रम आहे. आपल्या खळ्यासाठी."

"मांडव हाय?"

"स्टेज आहे."

"मांडव लागतो."

"बांधू आपण मांडव."

जाऊबाईने चार पाकळ्या सोलल्या. "लगीन नाय, तर मंग आवतन कसलं द्यायचं? धवल्यात पयलं आवतन असतं. देवांना, मानसांना, सगल्यांना बोलवावं लागतं. कुठं बोलवू?"

"बोलव गं, खळ्यावर बोलव," नात मोबाइलमध्ये बघत म्हणाली.

"खोटं आवतन मी देत नाय. बोलावलं का जेवायला घालावं लागतं."

"हो हो, घालू." हे ती मोबाइलमध्ये बघतच म्हणाली. माणसाने मोबाइलमध्ये बघत 'हो हो' म्हणू नये, आणि जाऊबाईला तर मुळीच म्हणू नये. पण हे मला तरी तेव्हा कुठे सुचलं?

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही नऊ जणी निघालो. हिरव्या काठाची लुगडी, केसांत अबोली, हातात बांगड्या. मेट्रोत बसलो. तिथे सामान यंत्रातून सरकवावं लागतं. जाऊबाईने टोपली घेतली होती. तिच्यात आंब्याच्या पानांचा टाळा, नारळ आणि वर एका कागदात बोंबील. कशाला, तर महोत्सववाल्यांना रिकाम्या हाताने कसं भेटायचं! पडद्यासमोर बसलेल्या मुलीने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा जाऊबाईकडे. मग नाकाला रुमाल लावून म्हणाली, "मावशी, माझी आई पण रत्नागिरीची आहे. जा." अशी ती पोर, देव तिचं भलं करो.

मैदानात पाय ठेवला आणि मी दोन मिनिटं नुसती उभीच राहिले. केवढी ती माणसं! एकीकडे डफ, एकीकडे ढोल, मधेच इलेक्ट्रिकची गिटार. दर दहा पावलांवर कुणीतरी मूठ वर करून काहीतरी विचारत होतं आणि समोरची गर्दी ओरडून उत्तर देत होती. "हवं का?" "हवं!" "देणार का?" "नाही!" काय हवं आणि काय देणार नाही, ते नेहमीच ऐकू येत नव्हतं. पण उत्तर सगळे मनापासून देत होते. जाऊबाईला तर ते इतकं आवडलं की तिने तीन ठिकाणी मूठ वर केली. त्यातली एक मूठ चहाच्या रांगेत होती, तिथे काही घोषणा नव्हतीच.

चहा शेंगदाण्याच्या दुधाचा होता. गाईला त्रास नको म्हणून. मला ते पटलं. चहा नाही पटला.

एक गोड मुलगी आली, गळ्यात तीन माळा, पाठीवर कापडी पिशवी. तिने जाऊबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आजी, तुमच्या गळ्यात प्रतिरोधाची केवढी मोठी परंपरा आहे!"

जाऊबाई माझ्याकडे वळली. "काय म्हन्ते गो?"

"तू छान दिसतेस म्हणते."

"मंग हिला बोंबील दे." त्या पोरीच्या हातात मी चार बोंबील ठेवले. ती प्राण्यांचं काहीच खात नाही, हे मला नंतर कळलं. पण पोर मोठी सभ्य. तिने ते बोंबील फुलांसारखे दोन्ही हातांत धरून ठेवले. संध्याकाळपर्यंत मला ती तशीच फिरताना दिसत होती.

आमची वेळ चार वाजून चाळीस मिनिटांनी. स्टेजवर चार बांबूंचा मांडव बांधला होता, आणि तोरण म्हणून कापलेल्या रद्दी कागदांची पानं. पर्यावरणाचा विचार करून. जाऊबाईने ते खालपासून वरपर्यंत पाहिलं. "यो कागुद काढा," ती म्हणाली आणि टोपलीतला आंब्याचा टाळा काढून स्वतः बांधला. तेवढ्यात चार वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली होती.

स्टेजच्या समोर, खाली, एक गृहस्थ उभा होता. पन्नाशीचा, दाढीवाला, कानात यंत्र. त्याच्या हातात तीन पाट्या. एकीवर 'पाच मिनिटं', एकीवर 'दोन मिनिटं' आणि एकीवर नुसतं 'आभार'. नातीने मला समजावून ठेवलं होतं. पाच मिनिटं झाली की ती बाजूला उभी राहून चष्मा काढेल. ती माझी खूण.

थांबवायचं कसं, तेही सांगते. धवला एकटीने होत नाही. धवलारीण ओळ टाकते आणि दुसरी ती झेलते, म्हणजे तीच ओळ परत म्हणते. झेलली की धवलारीण पुढे जाते. सेहेचाळीस वर्षं ती झेलणारी मी आहे. मी झेलली नाही तर गाणं तिथेच पडतं. जाऊबाईला थांबवायची किल्ली अख्ख्या जगात माझ्याकडेच आहे, पण ती मी कधी फिरवलेली नाही. ओळ खाली पडणं हा आमच्यात मोठा अपशकुन मानतात. नातीला मी म्हटलं होतं, "बघते. मी खोकला आल्यासारखं करीन."

जाऊबाईने सुरुवात केली. पहिलं आवतण गणपतीला. मी झेललं. मागे बसलेल्या सात जणी देवाच्या वतीने म्हणाल्या, "येतो गो येतो." दुसरं एकवीरा आईला. "येते गो येते." तिसरं दर्याला. आणि काय सांगू, "येतो" म्हणायला समोरून अख्खं मैदान उठलं! पोरं दिवसभर घोषणांना उत्तरं देऊन तयारच झालेली. त्यांना वाटलं, ही आपली पाळी. "येतो!!" माझ्या अंगावर काटा आला. जाऊबाईच्या मात्र आला नाही. तिने नुसती मान हलवली, लग्नघरात कोण कोण येणार हे मनात टिपून ठेवतात तशी.

मग ती वाड्यात शिरली. दक्षिणेकडून. खाडीच्या तोंडावरचा देव. बंदरावरचा पीर. विहिरीवरच्या साती आसरा. पिंपळाखालचा मुंजा. प्रत्येकाला नावाने बोलवायचं, प्रत्येकाला वाट सांगायची, कुठून वळायचं ते सांगायचं. आणि प्रत्येक वेळी मैदान ओरडतंय, "येतो!"

नातीने चष्मा काढला.

मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, अगदी स्पष्ट पाहिलं. ती चष्मा हातात धरून उभी, दुसऱ्या हातात भाषणाचा कागद. मी घसा खाकरायची तयारी केली. जाऊबाई तेव्हा खडकावरच्या आईपर्यंत आली होती. खडकानंतर जेट्टी, जेट्टीनंतर बर्फाचा कारखाना, त्याच्या मागे भंडारणीची विहीर आणि सगळ्यात शेवटी, उत्तर टोकाला, खळ्यावरची म्हातारी. म्हणजे शेंदूर लावलेला एक गुडघ्याएवढा दगड. बोंबील पहिल्यांदा लटकवायच्या आधी त्याला नारळ देतात.

माझ्या मनात आलं, आता खोकले तर खळं राहिलं. कचेरीच्या कागदात ते नव्हतंच, आता आवतणातूनही गेलं. तेही माझ्या तोंडाने. मग नातीने सात मिनिटं कितीही छान इंग्रजी-मराठी केलं असतं तरी मला त्या दगडासमोर उभं राहता आलं नसतं.

मी ओळ झेलली. नातीने चष्मा घातला, परत काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मी समोर बघायला लागले.

पुढची सात मिनिटं कशी गेली ते जाऊबाईला विचारा. तिला तर ती सात मिनिटंही वाटली नाहीत. पाटीवाल्याने 'पाच' दाखवली, मग 'दोन' दाखवली. मग 'आभार' दाखवली आणि ती हलवू लागला. जाऊबाई चौथी शिकलेली आणि चष्मा घरी. तिला दिसलं एवढंच की मांडवासमोर एक माणूस मघापासून हात वर करून उभा आहे आणि त्याला कुणी बोलावलेलं नाही. आमच्यात मांडवासमोर आलेल्या माणसाला आवतणातून वगळत नाहीत. तिने लगेच ओळ टाकली: पाटी धरणाऱ्या दादा, हात दुखले रे तुझे, रविवारी दुपारी खळ्यावर ये, बायकोला घेऊन ये.

मैदान खदखदून हसलं. पाटीवाला लाल झाला. पण सगळे त्याच्याकडे बघत होते, काय करणार? तोही म्हणाला, "येतो."

मग काय! दोन्ही बाजूंचे माइकवाले, पाणी वाटणाऱ्या मुली, मागे आपली पाळी यायची वाट बघत उभा असलेला रॅपवाल्या पोरींचा घोळका, बोंबील धरलेली ती गोड मुलगी, सगळ्यांना आवतण. आणि शेवटची ओळ अख्ख्या मैदानाला: रविवारी दुपारी, आमच्या खळ्यावर, जेवायला या. मैदानाचं उत्तर मुलुंडपर्यंत ऐकू गेलं असेल.

स्टेजमागे आलो. नात एका खोक्यावर बसली होती. डोळे लाल. कागदाची घडी इतकी बारीक केली होती की ती कानात गेली असती.

"आजी, एकच काम सांगितलं होतं तुला. एकच!"

"अगं पण खळ्यापर्यंत जाऊ दे म्हटलं..."

"सोमवारी मुदत संपते. भाषणात हरकत कशी लिहायची ते सांगायचं होतं मला. आता कुणाला काय कळलं? गाणं झकास होतं, बस. वाट लागली सगळ्याची."

"रडतेस कशाला गो?" जाऊबाई पदराने घाम पुसत म्हणाली. "रविवारी येतील तवा सांग ना त्यांना."

"कोण येणार आहे रविवारी?"

"आता वरडली नाय का सगली?"

"मोठी आजी, ते नुसतं ओरडतात. ते सगळ्यालाच ओरडतात!"

"आवतनाला हो म्हनली." जाऊबाईच्या दृष्टीने विषय संपला होता. "तांदूल किती घ्यावा, त्याचा इचार कर."

मेट्रोत नात दुसऱ्या डब्यात जाऊन बसली. घरी आल्यावर तिला कुणीतरी मोबाइलवर पाटीवाल्याच्या आवतणाचा व्हिडिओ पाठवला. तो म्हणे बराच फिरत होता. नातीने तो शंभरदा पाहिला असेल, आधी रागाने, मग हसत. मग तिने त्याच्या खाली खळ्याचा पत्ता आणि रविवारची वेळ लिहून टाकली. "कुणी येणार नाहीये," ती मला म्हणाली, "पण मोठ्या आजीचं आवतण खोटं व्हायला नको."

रविवारी जाऊबाईने खळ्यावर तीन चुली मांडल्या. बारा वाजले. साडेबारा. बोंबील वाऱ्यावर हलताहेत, जवळ्यावर कावळे उतरताहेत, आम्ही नऊ जणी कावळे हाकलतोय आणि तांदळाच्या एवढ्या भाकऱ्या झाल्यात की वाड्याला दोन दिवस पुरतील. नात फाटकापाशी फेऱ्या मारत होती. मी जाऊबाईकडे बघायचं टाळत होते. ती पंचाहत्तरीची बाई. तिला कुणी आवतण देऊन फसवलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला फसवलं नव्हतं. हे सगळं ओरडणं नुसतंच होतं, हे तिला कळेल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नव्हतं.

पहिला आला तो पाटीवाला. इस्त्रीचा सदरा, बायको बरोबर, बायकोच्या हातात मिठाईचा खोका आणि आहेराची साडी.

"आजी," तो जाऊबाईला म्हणाला, "लग्न कुणाचं आहे ते कळलं नाही. म्हणून साडी आणली. चालेल ना?"

"चालंल की. मला दे," जाऊबाई म्हणाली.

मग रॅपवाल्या पोरी आल्या, गोवंडीहून दोन रिक्षा करून. माइकवाले आले. बोंबलाची गोड मुलगी आली आणि तिने भाकरी आणि सोलकढीवर जेवण केलं. सोलकढी नारळाच्या दुधाची, म्हणजे कुठल्याच गाईला त्रास नाही. चार ग्लास प्यायली. मग ओळखीची नसलेली माणसं यायला लागली, कुणी बोरिवलीहून, कुणी मुलुंडहून, पोरंबाळं घेऊन. मैदानातली सगळी आली म्हणाल तर नाही हो. पण भाकऱ्या संपल्या. दुपारी दोनला मी परत पीठ मळायला बसले.

आणि मग नात एका उलट्या टबावर उभी राहिली आणि तिने ते सात मिनिटांचं भाषण केलं. आजूबाजूला बोंबील, पायाशी जवळा, लोकांची नाकं जराशी आखडलेली. पण ऐकत होते. जुलैत आलेल्या पाहणीचं सांगितलं तेव्हा हसले, मग हसायचे थांबले. हरकत कशी लिहायची ते तिने सांगितलं. मग कायदा सांगितला. मग किनाऱ्याचा इतिहास सांगितला. मग मासेमारीचं जागतिक काय ते सांगायला लागली.

पाटीवाल्याच्या पिशवीत त्याच्या पाट्या होत्या. काय माहीत, कदाचित तो त्या घेऊनच हिंडत असेल. जाऊबाईने त्याच्याकडून एक मागून घेतली, गर्दीत नातीच्या बरोब्बर समोर जाऊन उभी राहिली आणि पाटी डोक्यावर धरली. पाटी उलटी होती. तरी 'दोन मिनिटं' वाचता येत होतं.

नात पंधरा मिनिटं बोलली. आमच्या घरातली बाई पाटी बघून थांबेल, ही आशा जाऊबाईने करायला नको होती.

जेवल्यावर लोकांनी बोंबलांच्या सावलीत बसून हरकती लिहिल्या, प्रत्येकाने आपल्या शब्दांत. एका बाईने तीन पानं लिहिली. रॅपवाल्या पोरींनी यमक जुळवून लिहिली, नातीने ती तशीच राहू दिली. पाटीवाल्याने लिहिलं, "मी सदर जागेत रविवारी दुपारी जेवलो. जागा मोकळी नव्हती. मला बसायला जागा मिळायला वेळ लागला." सोमवारी नात आणि मी गठ्ठा घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने तो हातात घेतला, वास घेतला आणि खिडकी उघडली.

परवा उत्तर आलं. खळं वाचलं असं त्यात कुठेच नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. त्यात एवढंच आहे की हरकतींचा विचार करून जागेची पुन्हा पाहणी होईल, आणि या वेळी ती सुकवणीच्या हंगामातच होईल. नातीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

जाऊबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"साहेब किती येनार म्हनं?" ती म्हणाली. "तांदूल भिजवाया लागंल."